साक्षीचा कंद

भोकरखेडीच्या मारुतीसमोर त्या सकाळी एवढी गर्दी होती, की खुद्द मारुतीला काय चाललंय ते दिसत नव्हतं. रावेरचा बाजार सोडून लोक आले होते. केळीच्या घडांनी भरलेला एक ट्रक रस्त्यातच उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर बघायला टपावर चढून बसला होता. ओट्यावर फूलबाबा. भगवी कफनी, पोटावर रुळणारी दाढी, आणि वर धरलेल्या हातात एक सुकलेला, चपटा, तपकिरी गोळा. लहान कांद्याएवढा.

"हा कंद पाच हजार वर्षं जुना आहे," बाबा म्हणाला. "हिमालयात बर्फाखाली झोपला होता. निर्मळ माणसाने लावला तर याला पांढरं फूल येतं. पण ज्याच्या नजरेत विष आहे, त्याने लावला तर लाल. रक्तासारखं लाल."

गर्दीने एकदम श्वास आत ओढला. दोन बायका तिथेच घुमायला लागल्या. त्यांना धरायला धावलेला एक म्हातारा मधेच अडकला आणि दोन्हीकडून झिंज्यांचे फटके खाऊन बाहेर पडला.

एवढं सगळं चाललं होतं ते म्हशींमुळे. भादव्यात गावातल्या अकरा म्हशी पंधरा दिवसांत मेल्या. गळा सुजायचा, तोंडाला फेस यायचा, संध्याकाळपर्यंत खेळ खलास. चार तर एकट्या तोताराम पाटलाच्या. गुरांच्या डॉक्टराने सांगितलं, घटसर्प आहे, पावसाळ्याआधी टोचलं असतं तर वाचल्या असत्या. हे उत्तर गावाला फार किरकोळ वाटलं. अकरा म्हशी, आणि कारण एवढंसं? डॉक्टरला एका पायात चप्पल घालून जीपपर्यंत पळावं लागलं. दुसरी चप्पल पाठीवर बसली होती.

मग ठरलं, की गावात डाकीण आहे. कोण, यावर आठवडाभर हाणामाऱ्या झाल्या. उखर्डूचं गळ्याखालचं हाड, हासळी, मोडली. वच्छलाबाईने जावेच्या मनगटाचा चावा घेतला, तर जावेने तिचा कान फाडला. शेवटी सात संशयित नक्की झाले आणि तोताराम आबा कुठूनसा हा बाबा घेऊन आले.

शिक्षाही ठरली होती. लाल फूल येईल त्याचे समोरचे दात वरवंट्याने पाडायचे, म्हणजे मंत्र नीट म्हणता येत नाही, आणि मग सातपुड्याकडे हाकलून द्यायचं. दात पाडायचं काम लोटन पहिलवानाकडे होतं. तो चार दिवस नारळांवर सराव करत होता. चौथ्या दिवशी नारळ निसटला आणि त्याने आपल्याच पायाचा अंगठा चेचून घेतला, पण उमेद सोडली नाही.

सात संशयितांत एक होती बेबाबाई. पन्नाशीची, विधवा, अंगाने दणकट. केळीचे कंद सोलणाऱ्या बायकांची ती मुकादम. केळी लावायची तर कंद आधी सोलावा लागतो. विळ्याने जुन्या मुळ्या छाटायच्या, वरची साल तासायची, आत कीड किंवा सड आहे का बघायची. बेबाबाईच्या हातून गेलेला कंद दगा देत नाही, असं सगळे बागायतदार म्हणत. तिचा गुन्हा एवढाच, की तोताराम आबांच्या गोठ्यात चहा पिता पिता ती म्हणाली होती, "आबा, म्हैस गुटगुटीत झाली बरं." तिसऱ्या दिवशी ती म्हैस ताठ.

बाबाचं बोलणं संपल्यावर ती पुढे सरकली.

"महाराज, बर्फात निजेल कंदाले ही तांबडी माती कशी लागेल हाये?"

मागून कुणीतरी खिंकाळलं. बाबाने डोळे बारीक केले.

"माई, तुझा कंद मी स्वतः निवडून देतो."

आणि दिला. सहा जणांना देताना त्याचा हात झोळीच्या उजव्या कोपऱ्यात गेला. बेबाबाईच्या वेळी डाव्या. तिने ते बरोबर टिपलं. हजार हजार कंद मोजून घेणारी बाई, हातांवरच तिची नजर असायची.

"उद्या सकाळी इथेच लावायचे," बाबा म्हणाला. "तोवर कंदाचं वस्त्र उतरवू नका. वस्त्राखाली देव उघडा आहे."

दिवेलागणीला उखर्डू मागच्या दाराने आला. हासळीला फडकं बांधलेलं, दुसऱ्या हातात देव.

"अक्का, जरा सोलून दे ना."

"बाबा नई म्हने ना रे?"

"बाबाले लागवडीतलं काय समजते? बिनसोलला कंद लावला अन् आत सडला तर? दात माह्ये जातीन, त्याचे नई."

तो निघतो न निघतो तोच वच्छलाबाई आली, फाटका कान पदराखाली लपवून. मग तिच्याच मागे तिची जाऊ. दोघी दारात समोरासमोर आल्या आणि न भांडता रांगेत उभ्या राहिल्या. पाऊण तासात सहाही हजर. जिला डाकीण ठरवायला हे लोक टपले होते, तिच्याकडेच देवाचे कंद तासून घ्यायला आले होते. करणार काय. बिनसोलला कंद जमिनीत घालायचा, ही कल्पनाच त्या गावात कुणाला सोसत नव्हती. बेबाबाईने सहाही सोलले, वस्त्र उतरवलेलं दिसू नये म्हणून राखेत घोळवले, दिले.

सहाचे सहा आतून पिवळट पांढरे होते. सोललेल्या लसणासारखे.

मग तिने स्वतःचा सोलला. तो आतून लाल होता.

ती विळा हातात धरून बसून राहिली. तिला जळगावच्या शेतकी प्रदर्शनातलं लाल केळीचं पील, म्हणजे कंदातून फुटलेलं रोप, आठवलं. हातभर उंचीचं, घड यायला अजून वर्ष होतं, पण खोड तेव्हाच लालसर. व्यापारी कधी कंदात भेसळ करायचे, एका जातीत दुसरी घुसवायचे. सोलताना तिला कळायचंच आणि बाग उभी राहिल्यावर मालकालाही कळायचं. कंदात असतं तेच वर येतं. त्यासाठी हिमालयात जावं लागत नाही.

तिने जिभेने समोरचे दात चाचपले. सगळे जागेवर होते.

सांगायचं कुणाला? चार म्हशींचं सुतक धरून बसलेल्या तोताराम आबांना? डॉक्टरला चपलेने मारणाऱ्या गावाला? सांगितलं असतं तर तेवढ्यावरच दात पाडले असते. ती जेवून झोपली.

सकाळी तेलाच्या अर्ध्या कापलेल्या डब्यांत कंद लावले. सात डबे संशयितांचे आणि आठवा बाबाचा. "हा साक्षीचा डबा," बाबा म्हणाला. "माझं फूल पांढरंच येणार. त्याच्याशी ताडून पाहा." माती मिसळायचं आणि पाणी घालायचं काम बेबाबाईकडे आलं, कारण ते नीट येणारी ती एकटीच होती. डाकीण असली तरी हात चांगला, असं तोताराम आबा म्हणाले. दुपारी बाबा नवरात्राच्या उपासाची तीन ताटं भगर खाऊन देवळात घोरत पडला. बेबाबाईने पाणी शिंपडता शिंपडता चार बोटं माती उकरली, आपला लाल कंद साक्षीच्या डब्यात घातला आणि साक्षीचा पांढरा आपल्या डब्यात.

तिला वाटलं, फार तर बाबाची फजिती होईल आणि गाव हसेल. तिथे तिचा हिशेब चुकला.

पुढचे अडीच महिने भोकरखेडीत शेती कमी आणि डबे जास्त राखले गेले. बाबा सगळं मंत्रांत सांगायचा, पण सांगायचा ते माळ्याचं. "सूर्यनारायणाकडे तोंड करा," म्हणजे डबे उन्हात ठेवा. "जलसमाधी नको," म्हणजे पाणी साचू देऊ नका. "देवाला कंबरेपर्यंत पांघरूण," म्हणजे पानं आली की बुडाशी मातीची भर घाला. "धर्मदंड द्या," म्हणजे दांडा वाकू नये म्हणून काडी रोवा. बेबाबाई ऐकायची आणि मनात म्हणायची, याच्या हाताला माती लागलेली आहे खरी.

बाकीच्यांची तऱ्हा वेगळी. फूल पांढरं यावं म्हणून उखर्डूने डब्यात रोज पावशेर दूध ओतलं. पंधराव्या दिवशी त्या डब्याचा असा वास सुटला, की मारुतीचा पुजारी चक्कर येऊन पायऱ्यांवरून गडगडला आणि त्याची दोन बोटं मोडली. उखर्डूला पुजाऱ्याच्या भावांनी बदडलं. नुकती जुळलेली हासळी पुन्हा गेली. वच्छलाबाईच्या बकरीने जावेच्या डब्यातली पानं खाल्ली. जावेने बकरीला दगड मारला, तो चुकला आणि लोटनच्या कपाळावर बसला. लोटनने भलत्याच माणसाच्या मुस्काटात दिली. भलत्या माणसाला सहा भाऊ होते. त्या दिवशी रावेरच्या दवाखान्यात ट्रॅक्टर दोन खेपा करून आला. बाबा म्हणाला, सत्य वर यायला लागलं की असं होतंच.

डिसेंबर लागला. तलवारीसारख्या पानांतून दांडे वर आले. त्यावर एकाच बाजूला एकाखाली एक कळ्या. कळी फुटायच्या आदल्या दिवशी तिच्या टोकाला रंग दिसतो. बेबाबाईच्या कळीचं टोक दुधासारखं पांढरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोताराम आबांची बायको सुनंदाबाई दिवा लावायला देवळात गेली. बाबा साक्षीच्या डब्यापाशी उकिडवा बसला होता आणि दांडा बुडातून मोडत होता. तिला बघून तो दचकून उठला. मोडका दांडा त्याच्या हातातच राहिला. खालची दोन फुलं पुरती उमललेली होती. भडक लाल.

सुनंदाबाईची किंकाळी केळीच्या बागांपर्यंत गेली.

"बाबाच डाकीन हाये वो. याचंच फूल लाल."

पाच मिनिटांत गाव जमलं. विचारपूस नावाची गोष्ट झाली नाही. पहिली चप्पल उखर्डूची, दोनदा मोडलेल्या हासळीचा सूड म्हणून मारलेली. मग काठ्या. मग पाण्याची कळशी, भरलेली. घंटेची साखळी. बाबाने देवळाच्या खांबाला मिठी मारली, तर लोकांनी मिठीवर मारलं. दाढीला धरून ओढलं. ती खरी निघाली, त्यामुळे जास्त दुखलं. केळी भरायला आलेल्या एका ट्रकवाल्याने घडाचा दांडा आणून दिला आणि तो चौघांनी आळीपाळीने वापरला. वच्छलाबाई आणि तिची जाऊ पहिल्यांदाच एका बाजूने लढल्या. एकीने हात धरले, दुसरीने बुक्के मारले. बाबाची हिमालयातली भाषा तिसऱ्याच फटक्याला गळून पडली.

"मरनू रे माय. मारू नका रे भो, मी दोंडाईचाना शे."

"डाकीन बोली बदलून राह्यली," कुणीतरी ओरडलं आणि सगळे नव्या जोमाने तुटून पडले.

बेबाबाई कडेला उभी होती. पहिले चार फटके तिला गोड लागले, खोटं कशाला बोला. पाचव्याला बाबाचं कपाळ फुटलं आणि डोळ्यांत रक्त उतरलं. एक डोळा तेवढा उघडा राहिला आणि तो गर्दीत कुणाला तरी शोधत होता. मग लोटन वरवंटा घेऊन आला. नारळांवरचा सगळा सराव त्याच्या दंडात दिसत होता. तोताराम आबा म्हणाले, "दात कसाले, डोकंच घे."

तिचं फूल पांढरं होतं. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. घरी जाऊन भाकर टाकली असती तरी चाललं असतं.

ती गर्दीत घुसली. खांद्यावर एक काठी बसली, पाठीत एक कोपर. बाबा उताणा पडला होता. ती त्याच्या छातीवर जाऊन बसली. दणकट बाई. बाबाच्या तोंडून उरलेली सगळी हवा बाहेर पडली.

"आता मारा," ती म्हणाली. "मले लागल्याबिगर त्याले लागत नई."

"अक्का, बाजूले व्हय," लोटन म्हणाला. "डाकीन हाये थे."

"डाकीन नई रे, लबाड हाये. झोई आना त्याची."

झोळी आली. तिने ती उलटी केली. अंगारा, विड्या, आरसा, आणि दोन थैल्या. उजव्या थैलीतला कंद तिने कमरेला खोचलेल्या विळ्याने मधोमध कापला. पिवळट पांढरा. डाव्या थैलीतला कापला. लाल. अजून दोन कापले. तसेच.

"लाल कंदाले लाल फूल, पांढऱ्याले पांढरं. एवढीच हाये याची विद्या. केयीचे कंद लावता ना तुम्ही? हिरवी बसराई लावून कधी लाल केयीचा घड कापला का? ज्याले पाडायचं त्याच्या हातात हा लाल देतो. मले देला होता."

"तुले?" तोताराम आबा पुढे आले. "पन तुह्यं तं पांढरं आलं."

"मी बदलला. पहिल्याच दिवशी. माह्या लाल त्याच्या डब्यात टाकला."

लोटनने वरवंटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि सावकाश म्हणाला, "म्हंजे लाल फूल तुह्यंच."

गर्दी अर्धं पाऊल पुढे सरकली. उखर्डूने दुसरी चप्पलही काढली. आपण हे बोलून काय करून बसलो, ते बेबाबाईला त्या क्षणी कळलं. पण खाली बाबा होता आणि पळायला वाट नव्हती.

तिने डावी थैली उचलली. आत सात कंद उरले होते. एक काढून लोटनसमोर धरला.

"घे. तू लाव."

लोटनने हात मागे घेतला.

"घे ना रे. तू तं पापी नई. मारुतीचा भक्त हाये. निर्मळ मानसाले पांढरं येते ना? घरी ने, लाव, पानी दे. फूल आलं की सगया गावाले दाखव."

"मी कसाले घेऊ?"

"कसाले नई घेत?"

लोटन आबांकडे बघायला लागला.

"आबा, तुम्ही घ्या." आबांनी दोन्ही हात धोतरामागे नेले. "वच्छला, तू? उखर्डू? सुनंदावैनी?" ती बसल्या जागेवरून एकेकापुढे कंद धरत गेली आणि एकेक जण मागे सरकत गेला. जणू तिच्या हातात विंचू होता.

"काऊन भेता?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्हाले माहीत हाये म्हनून भेता. हा लावला तं पाटलाच्या घरीबी लालच येईन अन् पुजाऱ्याच्या घरीबी लालच येईन. मंग पाप कोनाच्या पोटात नसते, कंदाच्या पोटात रंग असते. मले डाकीन म्हना, पन पह्यले हा हातात घ्या अन् मंग म्हना."

कुणी घेतला नाही.

लोटनच्या हातून वरवंटा सुटला. तो त्याच्याच पायावर पडला, चेचलेल्या अंगठ्याच्या पायावर नव्हे, दुसऱ्या. तो एका पायावर नाचत खाली बसला. हसावं की नाही ते कुणाला कळेना. मग उखर्डू हसला, आणि हासळी दुखली म्हणून कण्हला.

"उठ वो माय," छातीखालून आवाज आला. "मी बठ्ठं सांगस."

त्याचं नाव निंबा. नाशिककडच्या एका नर्सरीत बारा वर्षं माळी होता. "ग्लॅडिओलस शे तेनं नाव," तो ओठातून रक्त पुसत म्हणाला. "बंगलासमा लावतस. लालना कंद लाल ऱ्हास, पांढराना पांढरा. फूल यायपर्यंत अडीच महिना जेवाले भेटस."

"किती गावं केली?" बेबाबाईने विचारलं.

"हाई चौथं."

"मंग बाकी तीन गावांत लाल कोनाले आलं?"

निंबाने तोंड फिरवलं. तिने छातीवर जरा वजन टाकलं. दोन गावांत त्याने फूल यायच्या आधीच काढता पाय घेतला होता. एका गावात, दोंडाईचाच्या पलीकडे, भागाबाई नावाच्या बाईला लाल आलं होतं. तिचे दात पाडले. ती आता गावाबाहेर झोपडी बांधून राहते. तिच्या लेकीसुद्धा तिच्याकडे येत नाहीत.

वरवंटा पायऱ्यांवर पडला होता, आणि तो उचलायला कुणी पुढे येईना.

निंबाला ट्रॅक्टरने रावेरच्या दवाखान्यात नेलं. तिथून पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. तिसऱ्या दिवशी भोकरखेडीतून एक जीप निघाली. पुढे तोताराम आबा, मागे लंगडणारा लोटन आणि बेबाबाई. भागाबाईचं गाव गाठायला दुपार झाली. चावडीवर माणसं जमली. पाटील पाहुणा आलाय म्हणून चहा आला. तोताराम आबांनी कप बाजूला ठेवला. ते उभे राहिले.

"मी माह्या तोंडाने सांगतो," ते म्हणाले. "टोचायची गाडी आली होती, तं मीच म्हशी मळ्यात लपवल्या. टोचलं की दूध आटते, असं कोनी तरी सांगेल होतं. मंग चार म्हशी मेल्या. स्वतःले दोष द्यायचा त्यापेक्षा मले डाकीन सोपी वाटली. डाकीन नसते. कोन्याच गावात नसते. तुमच्या गावात जे काय मेलं असंन, त्याचं कारन डॉक्टराले इचारा. अन् जी बाई गावाबाहेर बसेल हाये, तिले घरी आना. मारायच्या आधी इचारलं असतं तं आज मले हे बोलाले यावं लागलं नसतं."

बेबाबाईने निंबाची डावी थैली उघडली आणि समोरच्या माणसापुढे एक कंद धरला. तो मागे सरकला. त्याच्या मागचाही सरकला. मग एक म्हातारी पुढे आली, तिने कंद घेतला, तोंडाशी नेऊन हुंगला, आणि म्हणाली, "विळा शे का कोनाकडे?"